‘किरकोळ दुरुस्ती’ : ठाण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

हे प्रकरण ठाण्यातल्या पाचपाखाडी भागातल्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं आहे. इमारत आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. सोसायट्यांचं दप्तर लावून देणं, सभांची इतिवृत्तं नीट लिहून देणं हे माझं काम. त्याच कामासाठी या सोसायटीने मला बोलावलं होतं, इमारतीच्या तब्येतीसाठी नव्हे. मात्र चार वर्षांच्या तक्रारवह्या आणि इतिवृत्तं एका बैठकीत वाचली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इमारत दर पावसाळ्यात थोडी अधिक बिघडत होती आणि कागदावरचे शब्द मात्र दर वर्षी अधिक सौम्य होत होते.

पार्श्वभूमी

तळमजला अधिक चार मजले, दोन विंग, बांधकाम १९८०च्या दशकातलं, आरसीसी. लिफ्ट नाही. गच्ची गळते म्हणून काही वर्षांपूर्वी वर पत्रा टाकलेला. राहणारे बहुतेक मूळ सभासद किंवा त्यांची मुलं. चार-पाच फ्लॅट भाड्याने दिलेले. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) होता, पण जेमतेम.

ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा हवेत संडास-बाथरूमच्या भागातला स्लॅब सर्वांत आधी बोलू लागतो, कारण तिथे वरूनही पाणी असतं आणि बारा महिने आतूनही. या सोसायटीत ए विंगच्या एका रांगेत (एकावर एक येणाऱ्या पाच घरांत) नेमकं हेच चाललं होतं. शिवाय दोन घरांत जुनी फरशी न काढता वर नवी टाइल बसवली होती, म्हणजे मूळ हिशेबात नसलेलं वजन त्याच स्लॅबवर आलं होतं.

मॉडेल उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. इथे ते एकदाही झालं नव्हतं. इतिवृत्तात विषय दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा ठराव एकच : ‘विषय तूर्त पुढे ढकलण्यात यावा.’

दप्तर काय सांगत होतं

पहिल्या वर्षीच्या तक्रारवहीत तळमजल्यावरच्या एका काकूंची नोंद आहे : ‘बाथरूमच्या छताचे पोपडे पडतात, गंजाचे पाणी येते.’ साधी, चांगली नोंद. त्यावर समितीचा शेरा : ‘ओल आहे. पाहिले.’ गंजाचं पाणी हा मुद्दा तिथेच गळाला.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने लिहिलं : ‘जरा प्लास्टर निघालंय.’ शेरा : ‘नेहमीचेच. पावसाळ्यानंतर बघू.’ तिसऱ्या वर्षीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात ही पाच घरं एका ओळीत बसवली होती : ‘काही ठिकाणी किरकोळ ओल आहे.’ पाच घरांची ‘काही ठिकाणं’ झाली, गंजाची ‘ओल’ झाली आणि पडलेल्या काँक्रीटचं नावच उरलं नाही.

चौथ्या वर्षी मे महिन्यात जिन्याच्या पॅसेजमध्ये छताचा एक तुकडा पडला. दुपारची वेळ होती, खाली कोणी नव्हतं. सेक्रेटरींनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं : ‘पॅसेजमध्ये थोडंसं प्लास्टर पडलं आहे. झाडून घेतलं आहे. काळजी नसावी.’ खाली सात-आठ अंगठे.

इथे तांत्रिक मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाची कळ त्यात आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूला दोन थर असतात. बाहेरचा गिलावा, म्हणजे प्लास्टर. तो साधारण अर्ध्या इंचाचा, दिसण्यासाठी. तो पडला तर रंगाचं आणि गवंड्याचं काम निघतं, एवढंच. त्याच्या आत काँक्रीटचं आवरण असतं, सळ्यांच्या खाली १५ ते २५ मिलिमीटरचं, आणि ते सळ्यांचं रक्षण करतं. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळीवर एक पातळ संरक्षक थर टिकतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की ही अल्कता कमी होते आणि सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो आतून ढकलतो, सळीच्या रेषेने चीर पडते आणि शेवटी आवरणाचा पोपडा सुटून खाली येतो. पडलेल्या जागी सळी दिसत असेल, तर पडलेलं ते प्लास्टर नसतं.

ठाण्यातच काय, सगळीकडेच लोक दोन्हीला ‘प्लास्टर पडलं’ म्हणतात. त्यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. पण या एका शब्दामुळे गवंड्याला बोलवायचं की इंजिनिअरला, हा निर्णय चुकतो. या सोसायटीत चारही वर्षं गवंडीच आला. त्याने सळ्यांवर सिमेंट थापलं, रंग दिला आणि पुढच्या पावसात तेच सिमेंट तुकड्यासकट खाली आलं.

शब्द कोणाचे आणि का

वह्या वाचताना पहिला संशय साहजिकच समितीवर जातो. बोलल्यावर चित्र वेगळं निघालं.

सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ, प्रामाणिक. त्यांचं म्हणणं, ‘वरच्या मजल्यावर दोघं हार्ट पेशंट आहेत. मी ग्रुपवर धोका वगैरे लिहिलं, तर उद्या यांना अॅडमिट करावं लागेल.’ अध्यक्षांची भीती निराळी होती. सोसायटीत एक गट पुनर्विकासासाठी उतावळा होता. त्यांना इमारत जितकी वाईट ठरेल तितकी हवी होती. अध्यक्षांचा अंदाज असा की आपण ‘गंभीर’ शब्द एकदा इतिवृत्तात घातला, की हीच मंडळी तो बिल्डरच्या टेबलावर नेऊन ठेवतील. एका सभासदाचा फ्लॅट विकायला काढलेला होता. घेणाऱ्याचं कर्ज बँकेत मंजुरीला होतं. ते प्रत्येक सभेत एकच वाक्य म्हणत : ‘उगाच बाऊ करू नका.’

आणि तळमजल्यावरच्या काकू. पहिल्या वर्षी ज्यांनी नेमकं लिहिलं होतं, त्याच चौथ्या वर्षी मला म्हणाल्या, ‘तसं फार काही नाही हो. मी त्या कोपऱ्यात बादली ठेवते, उभी राहत नाही.’ सतत तक्रार करणारी बाई अशी ओळख होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची तक्रार स्वतःच लहान केली होती. मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच वाटते. समितीने शब्द सौम्य केले हे खरं, पण तोवर सांगणाऱ्यांनीही ते सौम्य करून सांगायला सुरुवात केली होती. ‘जरा’, ‘तसं’, ‘आपलं सहज सांगितलं’ या शब्दांनी बोलणाऱ्याला भिडेतून सुटका मिळते, आणि ऐकणाऱ्याला काही न करण्याची मोकळीक.

तुलनाही याच कामी येत होती. मेमधल्या घटनेनंतर कोणीतरी नौपाड्यातल्या कृष्ण निवास इमारतीची आठवण काढली. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे ती कोसळली आणि १२ माणसं गेली. त्यावर लगेच उत्तर आलं, ‘ती पन्नास वर्षांची होती, आपली त्या मानाने नवी.’ दुसऱ्याने ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळ पडलेल्या इमारतीचं नाव घेतलं. तिथे ७४ मृत्यू झाले होते. उत्तर : ‘ती अनधिकृत होती, आपल्याकडे सगळे कागद आहेत.’ दोन्ही उत्तरं वस्तुस्थितीला धरून होती आणि दोन्हींचा आपल्या छताशी काही संबंध नव्हता. ‘त्या मानाने’ हे शब्द आले की विषय आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरात जातो.

ऑडिट आणि त्याचा सारांश

पॅसेजमधल्या घटनेनंतर ऑडिटचा ठराव एकदाचा झाला. इंजिनिअरने हातोडी मारून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखल्या, रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारा हातोडा) आणि अल्ट्रासॉनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते पाहणारी) घेतली, काही ठिकाणी काँक्रीट फोडून फिनॉल्फथॅलिन हे अल्कता दाखवणारं रसायन टाकून पाहिलं. निरोगी काँक्रीट त्याने गुलाबी होतं. इथे सळीच्या पलीकडेपर्यंत रंग आला नाही. संडास-बाथरूमच्या रांगेत अल्ट्रासॉनिकचा वेग सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली आला, जो भारतीय मानकाप्रमाणे सर्वांत खालच्या गटात जातो.

ठाणे महापालिका इमारतींचं वर्गीकरण चार गटांत करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवालाने इमारत सी-२बी मध्ये धरली होती, आणि वेगळ्या परिच्छेदात ए विंगच्या त्या रांगेला ताबडतोब टेकू द्यायला आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या भागाचा वापर थांबवायला सांगितलं होतं.

अहवाल इंग्रजीत, पन्नासेक पानांचा. सेक्रेटरींनी सभासदांसाठी मराठी सूचना तयार केली :

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, स्ट्रक्चरल ऑडिटनुसार इमारत एकंदरीत सुस्थितीत असून ए विंगमध्ये काही किरकोळ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या आहेत. काळजीचे कारण नाही. सदर काम पावसाळ्यानंतर सोयीनुसार हाती घेण्यात येईल. सहकार्य अपेक्षित.’

ही सूचना फलकावर लागायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे ‘शुद्धलेखन बघून द्या’ म्हणून आली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण ‘किरकोळ दुरुस्ती’ हे महापालिकेच्या यादीत सी-३चं नाव आहे. अहवाल सी-२बी म्हणत होता. सूचनेने एका विशेषणाने इमारत एक गट वर चढवली होती, आणि टेकूचा परिच्छेद तर कुठेच नव्हता.

पर्याय

सेक्रेटरी, अध्यक्ष, खजिनदार आणि मी त्या संध्याकाळी बसलो. जून सुरू झाला होता, तेव्हा हातात वेळ नव्हता.

एक मार्ग होता सूचना तशीच लावण्याचा. आत्ता टेकू गुपचूप लावून घ्यायचे, सविस्तर बोलणं दिवाळीनंतर. खजिनदारांचा कल इकडे होता. त्यांचा मुद्दा असा की घाबरलेले सभासद पैसे देत नाहीत, भांडतात. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता.

दुसरा, मूळ अहवाल जसाच्या तसा सगळ्यांना पाठवून मोकळं व्हायचं. वरवर हा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. प्रत्यक्षात पन्नास पानांचा इंग्रजी अहवाल पाच लोक उघडतात, त्यातला एक स्वतःला हवा तो परिच्छेद ग्रुपवर टाकतो आणि बाकीचे त्यावरच भांडतात.

तिसरा मार्ग पुनर्विकासवाल्या गटाने सुचवला : सरळ लिहा, ‘इमारत धोकादायक, जीविताला धोका.’ हेही अहवालाला सोडून होतं. आणि एकदा जास्त घाबरवलं की पुढच्या खऱ्या इशाऱ्याला कोणी विचारत नाही. शिवाय पुनर्विकासाची स्वतःची वाट आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालची कार्यपद्धती दिलेली आहे. ती सोडून सूचनाफलकावरून पुनर्विकास आणायचा म्हणजे पुढच्या कोर्टकचेरीची तयारी.

चौथा मार्ग, विशेषणं काढून टाकायची. किरकोळ नको आणि गंभीरही नको. कुठे, किती, कधीपासून, कोणत्या गटात, तोवर काय करायचं, कोणाला विचारायचं, एवढंच लिहायचं. अध्यक्षांना हा पटला, आणि मला वाटतं पटण्याचं कारण तत्त्वाचं नव्हतं. आकडे इंजिनिअरचे, सही इंजिनिअरची. बिल्डरसाठी वाढवून लिहिलं की सभासदांसाठी घटवून, असा आरोप मग त्यांच्यावर येणार नव्हता.

काय केलं

नवी सूचना अशी लागली :

‘ए विंगमधील ००१ ते ४०१ या रांगेत संडास-बाथरूमच्या छताच्या काँक्रीटचे आवरण पाचही घरांत सुटले असून सळ्या गंजलेल्या आहेत. पहिली तक्रार चार वर्षांपूर्वीची आहे. अहवालानुसार इमारत सी-२बी गटात आहे, म्हणजे संरचनात्मक दुरुस्ती आवश्यक आहे. या पाच घरांच्या त्या भागाला येत्या शनिवारी लोखंडी टेकू लावले जातील. दुरुस्ती होईपर्यंत तो भाग वापरू नये. इमारतीच्या इतर भागात राहण्यास इंजिनिअरची हरकत नाही. शंका विचारण्यासाठी इंजिनिअर रविवारी सकाळी गच्चीवर उपलब्ध राहतील.’

शेवटून दुसरं वाक्य आग्रहाने घातलं. पहिल्या सूचनेतल्या ‘काळजीचे कारण नाही’ची जागा त्याने घेतली. धीर देणारं वाक्य त्यातही होतं, पण ते कशापुरतं आहे ते स्पष्ट होतं आणि ते कोणाच्या शब्दावर दिलंय तेही.

रविवारची बैठक अपेक्षेपेक्षा शांत झाली. पहिला प्रश्न ‘पडेल का?’ हाच आला. इंजिनिअर ‘नाही हो, तसं काही नाही’ म्हणायच्या बेतात होता असं मला वाटलं. तो थांबला आणि म्हणाला, ‘टेकू लावल्यावर या पावसाळ्यापुरता माझा अंदाज मी लेखी दिला आहे. फोडल्यावर आत काय निघेल ते आज सांगता येत नाही.’ हे उत्तर कोणाला आवडलं नाही, पण त्यावर पुढचा प्रश्न विचारता आला : फोडायचं कधी?

खरी अडचण स्वच्छतागृहाची होती. पाच घरांना काही महिने संडास-बाथरूम बंद, हे लिहायला सोपं. दोन घरं नातेवाइकांकडे गेली, भाडेकरूने घर सोडलं, एका घराने समोरच्या बिऱ्हाडाशी बोलून सोय केली. काकू मात्र जायला तयार नव्हत्या. ‘माझ्या एकटीचं काय एवढं,’ हे त्यांचं पालुपद. शेवटी बी विंगमधल्या एका बंद फ्लॅटच्या मालकाला फोन करून, वीजबिल सोसायटीने भरायच्या बोलीवर तो उघडून घेतला. हा खर्च इतिवृत्तात नोंदवताना खजिनदारांनी ‘किरकोळ खर्च’ असं शीर्ष लिहिलं. हिशेबात तो शब्द बरोबरच आहे, पण सगळे हसले.

निष्पत्ती

पावसाळा टेकूंवर निघाला. ऑक्टोबरमध्ये गिलावा फोडल्यावर एका कॉलमच्या पायथ्याशी सळ्यांचा निम्म्याहून जास्त भाग गंजून गेलेला निघाला. इंजिनिअरने ए विंगचा अहवाल सुधारून ती सी-२ए मध्ये नेली. म्हणजे पूर्ण ए विंग रिकामी करावी लागली. पैसे, भाडी, शाळेच्या परीक्षा, सगळे प्रश्न एकदम आले; पण जूनपासून लोक आकडे ऐकत होते, त्यामुळे ‘आम्हाला अंधारात ठेवलं’ हे वाक्य सभेत आलं नाही. दोन सभासदांनी वर्गणी थकवली आणि त्यांची वसुली अजून चालू आहे. कॉलमला जॅकेटिंग (भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचा वेढा), स्लॅबला पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) आणि जिथे उपयोग नव्हता तिथे नवा स्लॅब, असं काम मेपर्यंत चाललं. ज्यांचा फ्लॅट विकायला होता त्यांचा व्यवहार मोडला. दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या घेणाऱ्याला गेला, भाव काय आला ते त्यांनी सांगितलं नाही.

पुनर्विकासाचा गट नाराज आहे. त्यांचं म्हणणं, एवढा पैसा जुन्या इमारतीत घालण्यापेक्षा थांबायला हवं होतं. या मतात तथ्य असू शकतं आणि त्यावर वेगळी चर्चा व्हायला हरकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला चुकलेला टप्पा म्हणजे पहिल्याच वर्षीचा शेरा. काकूंच्या नोंदीत ‘गंजाचे पाणी’ होतं आणि तपासणाऱ्याने शेऱ्यात ते सोडून ‘ओल’ लिहिलं. तक्रारदाराचे शब्द शेऱ्यात बदलायचे नाहीत, असा साधा नियम असता तरी चार वर्षांत कोणीतरी ‘गंज’ हा शब्द दुसऱ्यांदा वाचला असता. आता त्यांच्या वहीत मजकुराऐवजी रकाने आहेत : जागा, लांबी-रुंदी, सळी दिसते का, मागच्या फोटोशी फरक. ‘जरा’ लिहायला जागाच नाही. काही सभासदांना हे सरकारी फॉर्मसारखं रुक्ष वाटतं.

दुसरा, अहवालाचा मराठी सारांश. तो समितीने करणंच मुळात चुकीचं होतं. जो इमारतीत राहतो, ज्याला शेजाऱ्यांना रोज जिन्यात भेटायचं आहे, त्याच्या हातून शब्द मऊ होणारच. ऑडिटचं काम देतानाच, दोन पानी मराठी सारांश इंजिनिअरने स्वतः सही करून द्यायचा, अशी अट पत्रात घालता येते. खर्च फारसा वाढत नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं मत पक्कं नाही. जूनमध्येच तो कॉलम फोडून बघितला असता तर सी-२ए चार महिने आधी कळलं असतं. इंजिनिअरचं म्हणणं, ऐन पावसात वजन पेलणारा कॉलम फोडणं हीच जोखीम होती, आणि तो निर्णय त्याने टेकूंच्या भरवशावर घेतला. दुसऱ्या एका अनुभवी इंजिनिअरला मी हे प्रकरण सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की त्याने निदान एक छोटी खिडकी फोडून पाहिली असती. दोघांचंही कारण ऐकण्यासारखं आहे. पुढचं ऑडिट तीन वर्षांनी आहे; त्या वेळी बी विंगच्या कॉलमचे पायथे पावसाळ्याआधी, एप्रिलमध्ये तपासायचे, असा ठराव सोसायटीने केला आहे.